खाडीचा तळ वर आणणारी पितळी बाटली

मित्रांनो, समुद्राच्या तळाशी जाऊन आलेले तुमच्या ओळखीचे किती जण आहेत? मी कितीदा तरी जाऊन आले. मी समुद्राचे पाणी आणणारी एक जुनी पितळी बाटली आहे.

नॉर्वेतल्या बर्गन शहराच्या एका कारागिराने मला घडवले. दोन्ही तोंडांना झडपा, पोटाला छोटा नळ. तारेला बांधून मला उघड्या तोंडांनी खाली सोडत. मग तारेवरून एक वजन घसरत येई. ठक्क! मी कोलांटी घेई आणि तोंडे मिटून टाकी. वर येताना वाटेतला थेंबही मी आत घेत नसे. त्याचा मला आजही अभिमान आहे.

माझी मालकीण रागन्हिल्ड सागरी रसायनशास्त्रज्ञ होती. पाणी सगळीकडे सारखेच दिसते. त्यात मीठ किती, प्राणवायू किती, विष किती, हे शोधणे तिचे काम.

एका उन्हाळ्यात तिचा थोरला भाऊ टोर्गेइर गावालगतच्या आतल्या खाडीत सॅमन मासे पाळायचे पिंजरे टाकायला निघाला. लाकूड आले, जाळी आली. रागन्हिल्डने मला खाडीच्या तळाशी सोडले आणि भरलेल्या पोटाने थेट गावाच्या सभागृहात नेले. तिथे गावाची बैठक भरली होती, कॉफी आणि वाफलची गोड धिरडी चालली होती.

"दादा, तिथं पिंजरे नकोत."

"अगं, तिथं वारा नाही, लाट नाही. माशांना याहून चांगलं घर कुठलं?"

"लाट नाही, हेच तर दुखणं आहे. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली खडकाचा उंबरठा आहे. ताजं पाणी तळापर्यंत पोचतच नाही."

"पुस्तकातली खाडी वेगळी, आमची वेगळी!" लोक हसले.

तिने माझा नळ उघडला. पहिल्या बाकावरच्या गुड्नी आजींनी नाकाला पदरासारखा रुमाल लावला. "अगंबाई! कुणाची अंडी नासली?"

"आजी, हा आपल्या खाडीच्या तळाचा वास. विषारी वायू आहे तो."

मग तिने दोन कुप्या भरल्या, एक वरच्या पाण्याची, एक माझ्यातली. दोन्हींत औषधाचे थेंब टाकले. वरचे पाणी चहासारखे तपकिरी झाले. माझे दुधासारखे पांढरे झाले.

"तपकिरी म्हणजे प्राणवायू आहे. पांढरं म्हणजे नाही. मोठं वादळ आलं की हे खालचं पाणी वर येईल. तेव्हा मासे श्वास कशाने घेतील?"

टोर्गेइरने पांढरी कुपी उचलून उजेडात धरली. "खाडीबाहेर टाकायचे तर लाटांचा मार खावा लागेल," तो पुटपुटला. पण पिंजरे त्याने बाहेरच टाकले.

शरद ऋतूत वादळ आले. आतली खाडी ताकासारखी पांढुरकी झाली. खेकडे, कॉड मासे मरून काठाला लागले. बाहेर पिंजऱ्यांच्या दोऱ्या तुटल्या, पण पिंजऱ्यांतले मासे उड्या मारत होते. टोर्गेइर बहिणीच्या दारात आला. "पुढच्या खेपेला मलाही ने. तार मी ओढीन."

पुढे प्लास्टिकच्या हलक्या बाटल्या आल्या आणि मी फळीवर गेले. झडपा हिरव्या पडल्या, कुणी हात लावत नाही. मित्रांनो, मला पुन्हा तारेला बांधा असे मी म्हणत नाही. पण पाण्यात काही टाकण्याआधी, काही बांधण्याआधी, कुणाला तरी खाली पाठवा. तळ स्वतःच वर येऊन सांगू लागतो, तेव्हा ऐकायला उशीर झालेला असतो.