नक्कल करू नये

ऐक ना, हातातलं ठेव खाली! आत्ता जे झालंय ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही. तसंही पोटात काही उरलेलं नाही म्हणा. फीत सगळी बाहेर आलीय, टेबलावर शेवया वाळत घातल्यासारखी.

मी कॅसेट. गाण्यांची नव्हे हं, गेमची! तेव्हा गेम कॅसेटवरच यायचे. नुसतं ऐकलंस तर वाटेल, पत्र्यावर कुणी नखं ओढतंय. पण घरच्या छोट्या कॉम्प्युटरला टेप जोडला की त्याला ते बरोब्बर कळायचं. पाचेक मिनिटं किंचाळायचं आणि पडद्यावर गेम हजर.

माझा जन्म इथलाच, ह्या नोवी साद शहरातला. देशाचं नाव तेव्हा वेगळं होतं. अंगावर पिवळं लेबल. त्यावर आमच्या किल्ल्यावरचं घड्याळ, तेच ते, ज्याचा मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं. गेमचं नाव 'उलटं घड्याळ'. खाली 'रचना: वोयिन बेसारोविच'. आणि त्याच्याही खाली बारीक अक्षरात, 'नक्कल करू नये'.

ती शेवटची ओळ कोण वाचतंय!

मला घेतलं रेल्यानं. तेरा वर्षांचा होता, मला उशाशी घेऊन झोपायचा. आता त्याचीही चूक कशी म्हणायची? आमच्याकडे प्रोग्रॅम चक्क रेडिओवर लागायचे. निवेदक म्हणायचा, "टेप तयार ठेवा," आणि लगेच ती किंचाळी सुरू. अख्खी बिल्डिंग रेकॉर्ड करत बसायची आणि आया ओरडायच्या, "त्या मेल्या रेडिओचा गळा दाबा कुणीतरी!" ह्या पोरांना वाटायचं, प्रोग्रॅम म्हणजे हवा. आली की ओढून घ्यायची.

तर रेल्यानं दोन टेप एका वायरीनं जोडले आणि वरच्या मजल्यावरच्या दामीरला माझी नक्कल करून दिली. दामीर डोकेबाज. त्यानं गेम उघडला, वोयिनचं नाव पुसलं, स्वतःचं घातलं आणि रविवारच्या बाजारात विकायला बसला. महिन्याभरात शहरभर दामीरचंच 'उलटं घड्याळ'. मला कोण विकत घेणार मग? माझ्या बहिणी कंपनीत पडून राहिल्या. कंपनी बुडाली, देशही मोडला. बहिणींवर म्हणे कुणीतरी लग्नातल्या बँडची गाणी भरली. वोयिननं परत गेम केला नाही. लिफ्ट दुरुस्त करत आयुष्य काढलं.

आणि मी? खणात, पेचकसांच्या शेजारी.

मला बाहेर काढलं रेल्याच्या मुलीनं, तियानानं. ह्या शहरात झालेले जुने गेम वाचवायचं वेड आहे तिला. इंटरनेटवर सगळीकडे दामीरच्या नावाचा गेम. खऱ्या नावाचा फक्त माझ्यात. आणि माझी फीत इतकी झिजलेली की एकदाच वाजेल, फार तर.

"बाबा, सरळ कॉपी करून टाकू. कंपनी नाही, दुकान नाही, विचारायचं कुणाला?"

"त्याला," रेल्या म्हणाला. "लेबलवर नाव आहे की."

म्हणून आज दुपारी वोयिनकाका आले. हातात प्लमच्या दारूची बाटली. दारात बूट काढून सपाता घातल्या. मला उचललं आणि बोटानं लेबल पुसत बसले.

तियानानं सगळं सांगितलं. "काका, तुमचं नाव परत येईल! फक्त हो म्हणा."

"रेडिओवाले आधी फोन करायचे," काका म्हणाले. "'वाजवू का?' विचारायचे. आम्ही प्रोग्रॅम करणारे हो म्हणायचो, खुशीनं. ह्या गेमसाठी कुणी विचारलं नाही. आज पहिल्यांदा कुणीतरी विचारतंय."

"मग?"

"मग नाही."

रेल्यानं ग्लास भरले.

"काका, हे असं काय..." तियाना खुर्चीतून उठलीच.

"पोरी, तू विचारलंस, छान केलंस. पण विचारलंस म्हणजे 'नाही' पण ऐकायची तयारी असेल ना? आयुष्यात एकदा कुणीतरी माझं 'नाही' ऐकावं. मला एकदा बघू दे. मी घरी गेलो की कॉम्प्युटर बंद करून टाका."

"शब्द देतो," रेल्या म्हणाला. मान खाली. त्या दुसऱ्या टेपची वायर आठवत असणार.

मग वाजले मी! काय सांगू, जीव तोडून वाजले. पडद्यावर किल्ला उमटला, घड्याळ उमटलं, खाली नाव: वोयिन बेसारोविच. आणि त्याच क्षणी टेपनं माझी फीत खाल्ली. कर्रर्र, तुकडे.

काका खेळले थोडं, आणि गेममधल्या पहिल्याच दारात हरले, छोट्या काट्याला तास समजून! इतके हसले की डोळे पुसायला लागले. "माझ्याच सापळ्यात मी! गाढव आहे नुसता!" निघताना पडद्यावरच्या नावावर हात ठेवला, तियानाच्या डोक्यावर ठेवला आणि घरी गेले.

ह्याला दहा मिनिटं झाली असतील.

आता नीट ऐक. गेम आता माझ्यात नाही. तो फक्त त्या कॉम्प्युटरच्या मेमरीत आहे, वीज आहे तोवर. बंद केला की संपलं. तियानाकडे एक छोटंसं यंत्र आहे. पाठीमागे लावलंय, बटण दाबलं की मेमरीत आहे ते जसंच्या तसं उतरवून घेतं. तिचं बोट बटणावर. रेल्याचा हात प्लगवर.

"बाबा, हात काढा."

"शब्द दिलाय मी."

"शब्द! दामीरला नक्कल देताना कुठे होता तुमचा शब्द?"

"म्हणूनच तर आज पाळायचाय, बाई माझे!"

"आणि मग जगात काय राहणार? दामीर! चोराचं नाव ठेवायचं आणि त्यांचं पुसायचं, हा तुमचा न्याय?"

"पुसायचा हक्क त्यांचा आहे."

"त्यांनी रागानं म्हटलंय ते. उद्या फोन येईल बघा."

"मग उद्यापर्यंत चालू ठेवू."

"उद्यापर्यंत? ॲडॉप्टरला हात लावून बघा, भाजतोय, तासाभरात जळेल! खिडकी तरी उघडा."

"वाऱ्याचा झोत लागेल, आजारी पडशील."

"बाबा, प्लीज!"

तर असं चाललंय. पडदा मधूनच थरथरतोय. मी टेबलावर उघडी पडलेय आणि त्या दोघांशी बोलायला मला तोंड नाही. असतं तरी काय बोलले असते? माझ्या अंगावर वोयिननं दोन ओळी छापून घेतल्या होत्या. एक त्याचं नाव आणि दुसरी 'नक्कल करू नये'. आता एक पाळली की दुसरी मरते.

रेल्यानं प्लगवरची पकड घट्ट केलीय. तियानानं डोळे मिटलेत, बोट तिथंच आहे.

लवकर सांग ना, तू काय केलं असतंस?