एका पत्त्यावरची दोन माणसं

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्रॅम आहे. निदान आत्ताआत्तापर्यंत तरी एकच होतो. आता मी एक आहे की दोन, याचा मला उलगडा होत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. सांगता सांगता मलाही कळलं तर बरंच.

माझा जन्म बुटांच्या एका दुकानात, मागच्या खोलीत, चामड्याच्या आणि सरसाच्या वासात झाला. प्रोग्रॅमला वास कसा येतो, हे मला विचारू नका. मलाही ते माहीत नाही. कोणाचा एक पाय आखूड, कोणाचं पाऊल वाकडं, अशा माणसांसाठी तिथे मापाने बूट बनत. दुकानाच्या मालकांना सगळेच बाबा म्हणत. त्यांना दोन मुली. धाकटीचा उजवा पाय जन्मापासून आखूड होता. तिला काठीशिवाय चालता यावं, म्हणून तर बाबांनी हा धंदा धरला होता.

मला लिहिलं बाबांच्या ओळखीच्या एका कारकुनाने. तो नुकताच संगणक शिकला होता आणि त्याचा उत्साह उतू जात होता. त्याने गिऱ्हाइकाच्या नावाला जागा केली, पत्त्याला केली, आणि पायाच्या मापालाही केली. मापाची जागा मात्र एकच! माणसाचे दोन्ही पाय सारखे, असं त्याने धरूनच टाकलं होतं. बाबांनी कपाळाला हात लावला.

"अहो, पाय सारखे असते तर लोक माझ्याकडे कशाला आले असते?"

"दुरुस्त करतो," म्हणाला, आणि त्याची बदली झाली. गेला तो गेलाच.

मग बाबांनीच तोड काढली. प्रत्येक माणूस दोनदा लिहायचा, आधी डावा, मग उजवा. ही रीत दुकानात सगळ्यांच्या अंगवळणी पडली. मला मात्र कोणी सांगितली नाही. त्यामुळे मला वाटे, हे जुळ्यांचंच गाव आहे. एका नावाची दोन माणसं एकाच पत्त्यावर राहतात, आणि बिचाऱ्यांना पाय मात्र एकेकच! मी मनातल्या मनात फार हळहळत असे.

धाकटीचीही अशीच जोडी होती. त्यातल्या दुसरीच्या मापात बाबा दर बुटाला काहीतरी बदलत. टाच जरा वर, पुढच्या खेपेला जरा खाली. "कंबर दुखते म्हणाली," असं पुटपुटत जुना आकडा पुसून नवा भरत. कितीतरी जोड झाल्यावर एकदा त्यांनी आकडा तसाच ठेवला, मला थोपटलं आणि म्हणाले, "हे विसरू नकोस हं." मी फुलून गेलो. पुढे बाबा गेले. आकडा माझ्याजवळ राहिला.

मग दिवस फिरले. तुम्ही जसे घरात राहता, तसे आम्ही प्रोग्रॅम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये राहतो. माझं घर बांधणाऱ्या कंपनीने कळवलं, की या घराची डागडुजी आता बंद. नवे संगणक मला दारात उभं करीनात. माझा जुना संगणक सुरू होताना कण्हू लागला. दुकान आता थोरली चालवत होती. ती त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणे, "एवढं वर्ष काढ रे बाबा, मग बघू."

शेवटी तिने एका इंजिनियरला बोलावलं. माणूस सज्जन आणि भलताच टापटिपीचा. कशालाही "होऊन जाईल" म्हणे, म्हणून कारागिरांनी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलं. सामान हलवण्याआधी त्याने थोरलीला विचारलं, "ताई, बऱ्याच नोंदी दुबार आहेत. तेच नाव, तोच पत्ता. एकेक काढून टाकू?"

थोरली एका आजोबांच्या पायाला फीत लावून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "दुबार असतील तर काढा की."

डावा आणि उजवा याला कोणी दुबार म्हणेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

होऊनजाईलने नव्या संगणकात माझ्या जुन्या घराची हुबेहूब नक्कल उभी केली आणि मला आत नेऊन ठेवलं. मित्रांनो, माझी जी तारांबळ उडाली! भिंती त्याच, दारं तीच, तरी काहीतरी चुकत होतं. मी छापायला पाठवलं की "छापलं" असं उत्तर येई, पण प्रिंटरची ती करकर कुठेच नाही. कुठे छापलं? कोणी छापलं? विचारावं तर पुन्हा तेच, "छापलं." पूर्वी एक माप शोधायचं तर थोरलीचा चहा होऊन जाई, आता प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार. मला वाटलं, आपल्याला वेड लागलं. त्यातच माझी जुळी निम्मी झालेली! उरलेली माणसं गेली कुठे, हे कोणाला विचारणार?

तेवढ्यात धाकटीने नवे बूट करायला टाकले. ती दिवसभर उभी राहून लोकांचे केस कापते, आणि जुना जोड झिजून पार बसला होता. नवा जोड घालून ती उभी राहिली, तर उजवा खांदा खाली गेला. दोन पावलं टाकून तिने टेबल धरलं.

"ताई, बाबांचा बूट असा नव्हता गं."

"मापाप्रमाणेच केलाय. संगणकाने एकच माप दिलं, तेच दोन्ही पायांना धरलं," नवा कारागीर म्हणाला.

थोरलीने मला उघडलं. धाकटीच्या नावाखाली भलत्याचंच नाव. ती खाली खाली जात राहिली आणि तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! सगळ्यांचे उजवे कुठे गेले?"

होऊनजाईल धावत आला. त्याने एक प्रत राखून ठेवली होती, पण तीही साफसफाईनंतरची.

"माझं पुन्हा मोज ना," धाकटी म्हणाली.

"पाय मोजता येईल गं. बाबांनी तुला चालवून चालवून जे काढलं, ते कुठून आणू?" थोरली रडायलाच लागली.

जुना संगणक मागच्या दारी भंगारवाल्याची वाट बघत होता. साफसफाई नव्या घरात झाली होती, याच्या नोंदींना कोणी हात लावला नव्हता. त्याला उचलून आत आणलं, तार जोडली. तो कण्हला, थांबला, पुन्हा कण्हला. पडदा उजळला, आणि समोर कोण? मीच! त्याने धाकटीचं नाव दाखवलं, आणि खाली पुन्हा तेच नाव. बाबांचा आकडा तिथे होता.

धाकटी डोळे पुसत हसली. "म्हणजे याच्या लेखी मी इतकी वर्षं दोन बायका होते?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती जुळी नव्हतीच. ते एकेका माणसाचे दोन पाय होते!

सगळे उजवे माझ्याकडे आले. होऊनजाईल चाचरत म्हणाला, "ताई, आता मात्र हा जुना खरंच दुबार झाला. काढायचा?"

"थांबा. आधी हिला चालून बघू दे."

नवा जोड आला. धाकटी टेबलापासून दारापर्यंत चालत गेली. खांदे सरळ, दोन्ही पावलांचा आवाज सारखा. त्यानंतर लवकरच जुन्याचा पडदा काळा झाला तो उजळलाच नाही. थोरलीने त्याला भंगारात मात्र दिलं नाही.

मित्रांनो, गेला तो मी, की राहिला तो मी? बाबांनी थोपटलं होतं त्याला, आणि आठवतं मला. "विसरू नकोस" हे दोघांनीही ऐकलं. मी विसरलो आणि त्याने लक्षात ठेवलं. म्हणून एवढंच मागतो. जुनं सामान नव्या घरात जरूर न्या, पण दुबार म्हणून काही पुसण्याआधी घरच्या माणसाला समोर बसवून विचारा. तो कोणाचा तरी उजवा पाय असू शकतो.