यशोदाकाकीच्या आडाळ्याचा सूड

मित्रांनो, तुम्ही ज्याला विळी म्हणता, त्याला आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर आडाळो म्हणतात. माझं वय यशोदाकाकीच्या लग्नाइतकं. पिंगुळीच्या गंगाराम लोहाराने माझं पातं घडवलं, टोकाला खोबरं खवायचे दाते काढले आणि मला फणसाच्या पाटावर बसवलं. काकी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या सामानात मीही होतो.

किती बांगडे चिरले, किती नारळ खवले! काम झालं की काकी मला राखेने घासायची, पुसून कोरडं करायची आणि पातं भिंतीकडे वळवून ठेवायची. शेजारणी म्हणायच्या, "यशोदे, तुझ्या आडाळ्याची धार बरी गो!" मला फार अभिमान वाटायचा.

काका गेले. काकीला मूलबाळ नव्हतं. मग पुतण्या सुदेश याने घरात पर्यटकांसाठी खोल्या काढल्या. रस्त्यावर मोठा फलक लावला, त्यावर काकीचा हसरा फोटो आणि खाली 'काकीच्या हातचं जेवण'. पाहुणे त्या फोटोला भुलून येत. काकी पहाटेपासून चुलीपुढे असे. "दमलंस काय?" असं सुदेशने तिला कधी विचारलं नाही.

माझीही तीच गत. सुदेशने माझ्या दात्यांनी रंगाचे डबे उघडले, वायरी कापल्या, सिमेंट खरवडलं. दाते वाकले, पातं पाटाला धरणारा स्क्रू ढिला झाला. रात्र रात्र मी मोरीत भिजत पडायचो. खाऱ्या हवेने अंगभर गंज चढला. काकी घासून घासून थकायची.

एकदा माझ्याच टोकाने रंगाचा डबा उघडून सुदेशने न्हाणीघराबाहेर पाटी रंगवली, 'पाण्याचा गैरवापर करू नये'. काकीने ती अक्षरं लावत वाचली आणि सुदेशच्या बायकोला, रसिकाला विचारलं, "गैरवापर म्हणजे काय गो?"

"जा काम ज्याचा नाय, ता त्येच्याकडून करून घेवचा. नायतर नको तितक्या वापरूचा."

"तो वस्तूचोच होता, की माणसाचोय?"

रसिका म्हणाली, "माणसाचो झालो तर छळ म्हणतत, काकी."

काकी माझ्यावर बसून कांदा चिरू लागली. त्या दिवशी मला माझ्या दुखण्याचं नाव कळलं, आणि तिच्याही. तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट धुमसत राहिली. सूड!

मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलं होतं. सुदेशला पाण्याचा जाड पाइप कापायचा होता. करवत शोधायचा कंटाळा. "काकी, पाट धर गे," म्हणून त्याने माझ्यावर पाय दिला आणि पाइप जोराने दाबला. ढिला स्क्रू सरकला, पातं फिरलं आणि काकीचा तळहात चिरत गेलं. मी तिच्या रक्ताने भिजलो.

सुदेशचं पहिलं वाक्य काय होतं ठाऊक आहे? "आता जेवाण कोण करतला?"

रसिकाने धावत येऊन हात बांधला, मला धुतलं. काकीने मला डाव्या हाताने उचललं. पाहुणे जेवायची वाट बघत बसले होते, त्यांच्या मधोमध मला ठेवलं. एका बाईने विचारलं, "काकी, हाताला काय झालं?"

"काही नाही, किरकोळ आहे," सुदेश घाईने म्हणाला.

"किरकोळ नाय. पाइप कापूक आडाळो घेतल्यान आणि माझो हात कापलो," काकी म्हणाली. "सुदेशा, बस आडाळ्यार. नारळ खव."

"माका येता काय?"

"मी करतंय, काकी," रसिका पुढे झाली.

"तू बस गो. आजचा काम तेचा."

"लोका बघतत, काकी!" सुदेश कुजबुजला.

"बघांदेत."

सुदेश बसला. माझे दाते त्यानेच वाकवलेले. खोबरं निघेना, बोटांची सालटी मात्र निघू लागली. मी एकही बोट सोडलं नाही. घाम गळत होता, पाहुणे बघत होते. काकी खुर्चीत बसून म्हणायची, "पुढची वाटी घे." मित्रांनो, एवढा आनंद मला नवेपणीही झाला नव्हता.

शेवटी काकी उठली. "घर अर्धा माझा आसा. उद्यापासून मी सांगान तितकेच पावणे येतले. नायतर चूल बंद."

दुसऱ्या दिवशी सुदेश स्वतः मला लोहाराकडे घेऊन गेला. माझे दाते सरळ झाले, स्क्रू घट्ट बसला. काकीची दोन बोटं मात्र अजून नीट मिटत नाहीत. म्हणून मी त्याला माफ केलेलं नाही.

मित्रांनो, हत्याराला त्याचं काम द्या, पुसून कोरडं ठेवा. आणि जे माणूस तुमच्यासाठी रांधतं, त्याला वेळीच बसायला सांगा. आता मला हात लावण्याआधी सुदेश काकीची परवानगी मागतो. तेवढ्याने माझं समाधान होत नाही. पण मला उचलताना तो आधी स्वतःच्या बोटांकडे बघतो, ते मात्र बरं वाटतं.