आई उठेपर्यंत

घरात काहीही बंद पडलं की हाक तिलाच, म्हणून थोरल्या सुनेचं नावच पडलं होतं फ्यूजवहिनी. मिक्सर आणि इस्त्र्या दुरुस्त करायचं तिचं छोटंसं दुकान होतं. पण धाकट्या दिरांच्या नाटकमंडळीत तिला काम एकच, कपड्यांना इस्त्री मारायची.

आणि ऐन तालमीत दीर म्हणाले, "आईचा शेवटचा प्रवेश काढून टाकू."

अख्ख्या नाटकात सासूबाईंचं तेवढंच काम. म्हातारी एकटी खुर्चीत बसते, अंगावरचा उजेड हळूहळू उतरत जातो, मग ती उठून आत जाते. पण प्रयोगाच्या हॉलमधले दिवे एक तर चालू, नाहीतर बंद. मधलं काही त्यांना ठाऊकच नाही.

"आईला काय, नुसतं बसायचंच तर होतं," दीर म्हणाले.

"नुसतं बसायला अख्खा जन्म गेला माझा," सासूबाई म्हणाल्या, आणि खुर्चीतून हलल्या नाहीत.

फ्यूजवहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला. "प्रवेश राहू दे भाऊजी. दिवे मंद करायचा डिमर मी बनवते."

"तुम्ही? वहिनी, हा मिक्सर नाहीये."

"बरं झालं. मिक्सर फार अवघड असतो."

डिमरच्या पहिल्या डब्यात तिने पंख्याचे रेग्युलेटर बसवले. स्टेजचा भरमसाट वीज खाणारा दिवा त्यांना कुठला झेपतोय! धूर निघाला, दिरांनी नाक धरून सगळ्यांपुढे नक्कल केली, आणि मंडळी पोट धरून हसली. हसा म्हणावं! दुसऱ्या डब्यात तिने चांगले दणकट ट्रायॅक घातले. दिव्याला किती वीज सोडायची ते ठरवणारा हा नखाएवढा तुकडा. मागे तो थंड ठेवायला ॲल्युमिनियमची जाड पट्टी, दिवे गुणगुणू नयेत म्हणून तारेची वेटोळी. दिवे तीनच, पण तिने पिनांच्या जागा केल्या चार, प्रत्येकीला वेगळं बटण. दुकानात बसून एवढं तर कळलंच होतं, की एक तरी ऐनवेळी दगा देतो. पंख्याच्या मोटरीने ट्रायॅक जळू शकतो, म्हणून वर लाल रंगाने लिहिलं, 'पंखा लावायचा नाही.'

घरी खुर्चीत बसवून तिने सासूबाईंवर डबा चालवून पाहिला. म्हातारीने एकच अट घातली, "मी उठेपर्यंत विझवायचं नाही. कुणीही सांगू दे."

"नाही विझवणार, आई."

प्रयोगाच्या मध्यंतरात फ्यूजवहिनी इस्त्री मारायला आत गेली. दीर घामाघूम झाले होते. त्यांनी तीन नंबरच्या दिव्याची पिन काढली आणि तिथे टेबलफॅन लावला. पंखा गुरगुरला, कसला तरी वास आला, तशी त्यांनी गुपचूप पिन होती तिथे लावून टाकली.

शेवटचा प्रवेश आला. आता सासूबाईंवर तीन नंबरचा एकच दिवा होता. तीन नंबरचं बटण फिरवलं तर दिवा ढिम्म! लखलखीत तो लखलखीतच. ट्रायॅक जळून वीज अडवेनासाच झाला होता. तिने वर पाहिलं, तर दीर नजर चुकवत होते, टेबलफॅन पायाने मागे सारत.

"विझवून टाका," ते कुजबुजले. "पडदा पाडतो."

"पडद्याला हात लावून बघा!"

तिने तीनमधून पिन उपसली. हॉल अंधारात बुडाला. नाटक संपलं समजून लोकांनी टाळ्या सुरू केल्या. दीर पडद्याच्या दोरीकडे धावले. तेवढ्यात अंधारातून, जिला एकही वाक्य दिलं नव्हतं तिचा खणखणीत आवाज आला, "थांबा. मी अजून इथंच आहे."

टाळ्या थांबल्या. दिरांचा हातसुद्धा दोरीवर थांबला.

फ्यूजवहिनीने चाचपडत पिन चौथ्या जागेत बसवली आणि बटण हळूहळू वर नेलं. खुर्ची दिसली, मग हात, मग ताठ मानेचा तो चेहरा. पुरता उजेड झाल्यावर तिने तो तितक्याच सावकाश उतरवायला घेतला.

दिव्यातली तार नुसती लालसर उरली. दीर कानाशी येऊन म्हणाले, "आता बास, वहिनी."

"आई उठल्यात का?"

"नाही."

"मग गप्प उभे राहा."

सासूबाई बसून होत्या. मंडळी ताटकळली, लोक ताटकळले, पण म्हातारीला घाई नव्हती. फ्यूजवहिनीने बटण घट्ट धरून ठेवलं. मनसोक्त बसून झाल्यावर मग कुठे सासूबाई उठल्या.