बुचाला लागलेला बट्टा

मी बूच बोलतोय. हौस म्हणून नाही, बोलायला लावलंय म्हणून. बाटलीच्या तोंडात बसून गप्प राहणं हाच ज्याचा जन्माचा धंदा, त्याला म्हणे आत्मवृत्त सांग! छत्रीनं सांगितलं, चपलेनं सांगितलं, आता माझी पाळी. ऐका. मध्ये बोलू नका.

माझा जन्म झाडाच्या सालीतला. ते झाड सोलतात, पण ते मरत नाही. पुन्हा साल धरतं, पुन्हा सोलतात. माणसांना याचं भारी कौतुक. एकदा स्वतःचं कातडं सोलून घ्या, मग करा कौतुक. शाळा म्हणाल तर आमच्यात नाही. उकळत्या पाण्यात घातलं, यंत्रानं गोल कापलं, झालं शिक्षण. मग इटलीतल्या एका लाल वाइनच्या बाटलीत ठोकून बसवलं.

वाइनसुद्धा कुठली, तर नाव सांगितलं की लोक दोनदा "काय म्हणालात?" विचारतात अशी. तीन जातींच्या द्राक्षांची. नेब्बिओलो ही सासू, दिसायला फिकी पण जीभ आवळणारी. क्रोआतिना ही सून, रंगानं गडद, अंगानं भरलेली. आणि वेस्पोलिना ही नणंद, बोलेल तिथं मिरी टाकणारी. तिघींना एका घरात कोंडलं आणि दारात मला उभं केलं. पहिली काही वर्षं नुसती भांडणं. मी मधूनमधून केसाएवढी हवा आत सोडायचो, बस्स. मुरायला तेवढी पुरते. हळूहळू सासू मवाळ झाली, सून थांबून बोलायला लागली, नणंदेची मिरी सगळ्यांना आवडायला लागली. तुमच्या घरांत हे होत नाही, कारण तुम्ही दार एक तर सताड उघडं टाकता, नाहीतर कडी लावता.

आम्हाला विकत घेतलं ते एका छोट्या हॉटेलच्या मालकीणबाईंनी. नवरा गेल्यावर हॉटेल त्यांचं आणि धाकट्या दिराचं, दोघांचं झालं. दीर तेव्हा म्हणाला, "वहिनी, नावाजलेली घ्यायची. ही कोण पिणार?"

"मुरू द्या भाऊजी. मग बघू कोण पीत नाही ते."

बाईंनी सगळी खोकी तळघरात नेली आणि बाटल्या आडव्या निजवल्या. का, तर बूच ओलं राहावं, सुकून आक्रसू नये. येता-जाता मला बोट लावून बघायच्या. एवढी काळजी लोक बापाची घेत नाहीत. मी मनात म्हटलं, या बाईसाठी प्राण गेला तरी एक थेंब सांडू द्यायचा नाही.

दरम्यान दीर कुठंसं आठवडाभर वाइन चाखायला शिकून आला. स्वयंपाकघरातली माणसं त्याला नाकाड्या म्हणायला लागली. त्याचा डोळा तळघरावर. तिथं त्याला थंड खोली करायची होती. म्हणाला, "चव घेऊ. चांगली निघाली तर तळघर तुमचं. बिघडली असेल तर सगळी खोकी बाहेर."

बाई म्हणाल्या, "ठरलं."

पहिला बाहेर आलो तो मी. एक तुकडा मोडला नाही की भुगा पडला नाही. नाकाड्यानं स्वतः आणलेले उंच दांड्यांचे महागडे पेले मांडले. पेला फिरवला, डोळे मिटले, नाक असं आत घातलं की वाटलं आता काढायला मलाच बोलावतात. मग एक घोट घेतला, थुंकला आणि तोंड वाकडं केलं.

"ओल्या पुठ्ठ्याचा वास! वहिनी, बुचानं घात केला."

मग दुसरी बाटली, तिसरी. प्रत्येक पेल्यात तोच वास. "सगळी बुचंच सडकी. उद्या खोकी हलवा."

बाईंनी मला उचललं. हुंगलंसुद्धा नाही. "मेलं बूच! माझ्या वाइनची माती केली." आणि मला कोपऱ्यात भिरकावलं.

त्यांच्या सासूबाई तिथंच बसल्या होत्या. हात थरथरतो, म्हणून उंच पेला धरवत नाही. समोर चहाचा कप होता, धुतलेला. "अगं, मला बाटलीतली थोडी यात दे. फुकट नको घालवू."

प्यायल्या. कप पुढं केला. "अजून दे."

"आई, अगं वास येतोय तिला!" नाकाड्या ओरडला.

"तुझ्या पेल्याला येत असेल. मला छान लागली."

बाईंनी कपातला एक घोट घेतला. पुठ्ठ्याचा मागमूस नाही. मग न वापरलेला एक रिकामा पेला हुंगला. तोच पुठ्ठा! एवढे महागडे पेले, पण वर्षभर पुठ्ठ्याच्या खोक्यात पालथे ठेवलेले, तेही दमट माळ्यावर. खोक्याचा वास पोटात घेऊन बसले होते.

"भाऊजी, पेल्यांचं खोकं माळ्यावर कुणी ठेवलं होतं?"

"मी... पण वाइन चांगली आहे हे मी पहिल्यापासूनच म्हणत होतो."

"हो का? आणि थुंकलास ते काय, कौतुक होतं?" सासूबाई म्हणाल्या.

तळघर राहिलं. गिऱ्हाइकं आता ती वाइन मागून पितात. बाई माझ्या भाऊबंदांना जपून उपसतात, म्हणतात, "बूच जुनं आहे, हळू." मला मात्र सुरीनं कापून दाराजवळच्या डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारलंय. मी इथून सगळं ऐकतो. टेबल डुगडुगत नाही, हेही माझंच काम, पण कोण बोलणार?

पेले धुतले, पुसले, मानानं कपाटात लावले. कपाचंही कौतुक झालं. नाकाड्याकडून मला काही नको. ज्याला स्वतःचा पेला हुंगता येत नाही, त्याच्या माफीला वास तरी कसला येणार?

पण जिनं बोट लावून लावून मला ओलं ठेवलं, तिनं एकदा नाकाशी धरून बघायला हवं होतं. खाली वाकायला किती वेळ लागतो? माफी राहिलीय ती मालकीणबाईंची.