आंदणाची खूण

"सांगतो, पण पैजेवर सांगतो, एकजणही विश्वास ठेवणार नाही!" एकनाथरावांनी मांडीवर थाप मारली.

हैदराबादेत, कुकटपल्लीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात दर रविवारी मराठीचा वर्ग भरायचा. कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांमागे पुण्याहून नव्यानं आलेल्यांची चार पोरं. मराठी अक्षर दिसलं की उन्हात आल्यासारखी डोळे बारीक करणारी. त्यांना वाचायला लावण्यापेक्षा गोष्ट सांगणं सोपं, आणि थापा मारण्यात एकनाथरावांचा हात धरणारं त्या सगळ्या कॉलनीत कुणी नव्हतं.

आज मृण्मयीनं शाळेतून प्रश्न आणला होता. सातासमुद्रापलीकडे माणसं विकत, साखळ्या घालत, असा धडा झाला होता. "आजोबा, आपल्याकडे असलं काही नव्हतं ना?"

एकनाथरावांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहून घेतलं. घरकाम बघणारी भामा भाजी आणायला गेली होती.

"विकत? छे! आमच्याकडे फुकट देत. मोठ्या घरच्या लेकीचं लग्न झालं की हंडे, घागरी, दुभती म्हैस आणि एक पोरगी. आंदण म्हणून. नवरीची सेवा करायची, जन्मभर. माझ्या आईबरोबर चतुरा आली, नऊ वर्षांची. आईच्या भांड्यांवर माहेरची खूण ठोकलेली होती, आंब्याची. तसाच आंबा चतुराच्या मनगटावर गोंदला. कशाला? तर सासरच्या सामानात मिसळायला नको."

सारंग हसला. बाकी कुणी हसलं नाही तसा थांबला.

"तिचे आईबाबा हो म्हणाले?" मृण्मयीनं विचारलं.

"म्हशीच्या आईला विचारतं का कुणी?"

"मग ती पळून का नाही गेली?"

"गेली ना! तीच तर गोष्ट. पळालेली सापडली तर घोट्यावर मुसळ घालत, तरी गेली. भर दुपारी, सगळी गढी घोरत असताना. ओसरीवर सात वर्षांचं एक पोर गोट्या खेळत होतं. तिनंच न्हाऊमाखू घालून वाढवलेलं. तिनं त्याच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि निघाली."

"ते पोर म्हणजे तुम्ही?"

"मग काय, निजाम? पुढं लागली मांजरा नदी. नदीत मगरी. या सोफ्यावर झोपवली तर शेपूट जिन्यात जाईल, एवढी एकेक! एकीनं जबडा उघडला, तिचं मनगट बघितलं अन् मिटला. म्हणाली, 'खुणेचं भांडं मी तोंडाला लावत नाही, जा बाई.'"

पोरं खिदळली. तेवढ्यात दार लोटून भामा आत आली. भाजीची पिशवी सावरत, भिंतीला धरून, डावा पाय ओढत ती पोरांच्या मागून स्वयंपाकघरात गेली. पोरांनी मान वळवली नाही. भामाआजी अशीच चालायची. निजाम गेला, गढी गेली, शेतं गेली. सत्तरीची भामा तेवढी एकनाथरावांबरोबर शहरात आली होती.

एकनाथरावांची जीभ अडखळली. गोष्ट इथंच, नदीकाठी सोडून देता आली असती. पण तिचा हा शेवट पन्नास वर्षं त्यांनी मनातल्या मनात घोटला होता, आणि तो आज पहिल्यांदा ओठांवर आला होता.

"पुढं काय?" सारंगनं गुडघा हलवला.

"पुढं सिकंदराबाद. स्टेशनासमोर तिनं चहाचं हॉटेल टाकलं. आंब्यावर चांदीचं कडं घातलं. पुन्हा कुणाला 'जी मालक' म्हणाली नाही."

"आणि तुम्हाला कुणी विचारलं नाही, ती कुठे गेली म्हणून?"

"विचारलं तर! वडिलांनी कान पिळला. पण पोर एक अक्षर बोललं नाही." एकनाथरावांचा आवाज खाली आला. "तोंडावर हात ठेवून गप्प बसलं. संध्याकाळपर्यंत."

भामा पाण्याचे पेले घेऊन आली. एकेका पोरापुढे वाकत मृण्मयीपाशी पोचली. मृण्मयीनं पेल्याला हात लावला, पण घेतला नाही. भामाच्या सुरकुतल्या मनगटावरचा हिरवा-काळा आंबा ती बघत राहिली. मग तिची नजर खाली, डाव्या पायाकडे गेली.

"हौ गं, तोच," भामा म्हणाली. "पी पाणी."

उरलेला पेला तिनं एकनाथरावांपुढे धरला. त्यांनी मान वर केली नाही. भामा रागावली नव्हती. भाजीत मीठ कमी पडलंय, एवढ्याच सुरात ती बोलली.

"मगरीचं चालतंय. पन ते लेकरू गप नव्हतं बसलं, धाकले मालक. 'भामे, मला टाकून जाऊ नको' म्हनून वेशीपातूर रडत आलं माझ्या मागं. सगळी गढी जागी केली त्यानं."