बाप्तिस्म्याचा हौद

अलाबामातल्या त्या बाप्टिस्ट चर्चमध्ये कित्येक वर्षांनी एक मुलगी बाप्तिस्मा मागायला आली. जुन्या सभासद व्हर्नाबाईंनी, ज्यात बुडवून बाप्तिस्मा देतात त्या हौदाचं झाकण उचललं आणि त्यांचं डोकंच फिरलं. आत काठोकाठ पास्टरांच्या लाडक्या उमेदवाराचे निवडणुकीचे फलक!

"पास्टर, पोरीला बुडवायचं कशात? तुमच्या उमेदवारात?"

"चिडता काय? बाकं रिकामीच असतात, ठेवा तिथं."

"रिकामी का असतात, तेही सांगा ना!"

पास्टर फलक उचलून बाकांवर मांडू लागले.

रविवारी बाकाबाकावर उमेदवाराचा हसरा चेहरा होता. चर्च भरल्यासारखं दिसतंय म्हणून पास्टर खूश होते. मुलगी पाण्यातून वर आली, तिनं डोळे पुसून समोर पाहिलं आणि टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या व्हर्नाबाईंना हळूच विचारलं, "आजी, माणसं कधी येणार?"